वेदनेशी झुंजणारे शल्यविशारद : ऑगस्ट बीर

परदुःख शीतळ, अशी आपल्याकडे म्हण आहे. दुसऱ्याच्या वेदनेची धग आपणांस लागत नाही, हा मनुष्यस्वभावच होय. परंतु रोग्यास दिलेले औषध स्वतःच्या देहात टोचून घेऊन त्याचे बरेवाईट पारखणारेही काही पुरुष जगात होऊन गेले. जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बीर हे त्यांपैकीच एक. आज शस्त्रक्रियेने प्रसूत होणारी माता बहुधा जागी असते व आपल्या बाळाचे पहिले रडणे स्वतःच्या कानांनी ऐकते. या सुखाच्या मुळाशी बीर यांचे परिश्रम आहेत.

बीर यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६१ रोजी जर्मनीतील हेल्सेन या गावी झाला. वैद्यकाचे शिक्षण संपवून ते कील येथे एस्मार्ख या विख्यात शल्यविशारदांच्या हाताखाली काम करू लागले. त्या काळी शस्त्रक्रियेसाठी रोग्यास ईथर किंवा क्लोरोफॉर्म हुंगवून बेशुद्ध करीत. त्याने वेदना टळत, पण कित्येकांना अनावर वांत्या होत, श्वास कोंडे आणि क्वचित प्राणही जात. पाय कापावयाचा असता सारा मेंदू निजविण्याचे कारण काय, हा प्रश्न बीर यांच्या मनात घर करून राहिला.

उत्तराची दोन सूत्रे तयार होती. कोकेनने डोळा बधिर होतो, हे १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कोलर यांनी दाखविले होते. आणि कंबरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचे द्रव काढता येते, हे १८९१ मध्ये कील येथीलच क्विंके यांनी सिद्ध केले होते. बीर यांनी ही दोन्ही सूत्रे एकत्र गुंफली. १६ ऑगस्ट १८९८ रोजी घोट्याच्या क्षयाने पीडलेल्या ३४ वर्षांच्या एका मजुराच्या पाठीत त्यांनी १५ मिलिग्रॅम कोकेन टोचले. रोगी जागा राहिला आणि त्याच्या पायावरील शस्त्रक्रिया वेदनेवाचून पार पडली. मात्र काही वेळाने त्यास वांत्या व तीव्र डोकेदुखी सुरू झाली.

यशाचा डंका पिटण्यास एवढे पुरेसे होते. बीर यांना मात्र रोग्याच्या त्या डोकेदुखीने अस्वस्थ केले. २४ ऑगस्ट रोजी त्यांनी आपले सहायक हिल्डेब्रांट यांच्याकडून स्वतःच्याच पाठीत सुई टोचवून घेतली. पिचकारी सुईला नीट बसेना. औषध सांडले आणि पाठीतील बरेचसे द्रवही वाहून गेले. तेव्हा हिल्डेब्रांट स्वतः पुढे झाले. बीर यांनी त्यांना कोकेन टोचले व मग त्यांच्या पायांना टाचण्या टोचल्या, जळती सिगार लावली, नडगीवर लोखंडी हातोडी मारली. हिल्डेब्रांट यांना वेदना झाली नाही! पाऊण तासाने संवेदना परतल्या. त्यानंतर मात्र दोघांनाही प्रयोगाचे मोल मोजावे लागले. हिल्डेब्रांट यांना वांत्या झाल्या व त्यांचे पाय ठणकू लागले. बीर उठून बसले की डोके फुटल्यासारखे दुखे, आडवे झाले की थांबे. नऊ दिवस ते अंथरुणास खिळून होते.

१८९९ मध्ये बीर यांनी हा सारा वृत्तान्त प्रसिद्ध केला. यश जितक्या स्पष्टपणे लिहिले तितक्याच स्पष्टपणे त्यांनी अपायही नोंदविले. पाठीतील द्रव वाहून गेल्यानेच डोके दुखत असावे, हा त्यांचा कयास पुढे खरा ठरला. आता त्यासाठी अतिशय बारीक सुया वापरतात. १९०० मध्ये बाझेलच्या क्राइस यांनी प्रसूतिवेदना शमविण्यासाठी हीच रीत योजिली आणि मातांसाठी एक नवे द्वार उघडले.

परंतु या रीतीत आणखी एक संकट दडलेले होते. ज्या मज्जातंतूंमुळे रक्तवाहिन्या ताठ राहतात, तेही या औषधाने निजतात. वाहिन्या सैल पडून रक्त पायांकडे साचते. त्यातच माता उताणी निजलेली असली, तर भरलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडून हृदयाकडे येणारे रक्त आणखी घटते. रक्तदाब झपाट्याने उतरतो. मातेस भोवळ येते, मळमळते. आणि उदरातील बाळास मिळणारे रक्तही कमी पडते. म्हणजे एकाच वेळी दोन जीवांचा प्रश्न! पुढील पिढ्यांतील वैद्यांनी यावर उपाय शोधले. मातेस किंचित डाव्या कुशीवर कलते ठेवतात, शिरेतून सलाइन देतात, दर मिनिटास रक्तदाब मोजतात. रक्तवाहिन्या आवळणारी औषधेही देतात. प्रथम एफेड्रिन विशेष प्रचारात होते. आता बहुधा फेनिलेफ्रिनला अग्रक्रम मिळतो. भुलीपूर्वी जो वरचा रक्तदाब असेल, त्याच्या नव्वद टक्क्यांखाली तो उतरू न देण्याचा कटाक्ष असावा, असे तज्ज्ञांनी २०१८ मध्ये एकमताने सुचविले.

बीर १९०७ मध्ये बर्लिन येथे प्राध्यापक झाले. १९०८ मध्ये त्यांनी हातपाय बधिर करण्याची आणखी एक रीत शोधली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या डोक्यांच्या जखमा पाहून पोलादी शिरस्त्राणाचा पुरस्कार करणाऱ्यांत ते होते. १९३७ मध्ये नाझी राजवटीचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांनी स्वीकारले, हीही नोंद चरित्रकारास टाळता येणार नाही. बर्लिनच्या पूर्वेस झाउएन येथील रेताड जमिनीवर त्यांनी नाना जातींच्या वृक्षांचे वन वाढविले. तेथेच १२ मार्च १९४९ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, बीर यांनी लावलेला शोध पूर्ण नव्हता. परंतु त्यातील उणीव त्यांनी लपविली नाही, आणि म्हणूनच मागून येणाऱ्यांना ती भरून काढता आली. प्रयोगशाळेच्या वहीत उत्तर जुळविण्यासाठी आकडा बदलण्याचा मोह होईल, तेव्हा अंथरुणावर पडून स्वतःच्या डोकेदुखीचीही प्रामाणिक नोंद ठेवणाऱ्या या शल्यविशारदाचे स्मरण करावे. त्या प्रामाणिकपणाच्या पायावरच आज असंख्य माता निर्धास्तपणे आपले बाळ उराशी धरीत आहेत.