दादोबा पांडुरंग आणि मराठी सर्वनामविचार

मराठी व्याकरणाच्या इतिहासात दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे स्थान निर्विवाद आहे. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणण्याचा प्रघातही जुना आहे. या गौरवामुळे एक गोष्ट मात्र झाकली जाते, ती अशी की, दादोबांच्या व्याकरणाची चौकट पाणिनीपेक्षा इंग्रजी व्याकरणाला अधिक जवळची होती. ही चौकट मराठीला कोठे मानवली आणि कोठे अपुरी पडली, हे पाहण्यास सर्वनाम हा एकच शब्दवर्ग पुरेसा आहे. दादोबांच्या चरित्राच्या अनुषंगाने त्याचा विचार करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत त्यांनी इंग्रजीचे अध्ययन केले. संस्कृत व फारसी या भाषाही त्यांना अवगत होत्या. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्येच प्रसिद्ध झालेले असले, तरी ते इंग्रजीत, परक्यांना मराठी शिकविण्यासाठी लिहिलेले होते. मराठी मुलाला स्वभाषेचे व्याकरण स्वभाषेतून शिकविणे ही निराळी गरज होती. तिच्यातून दादोबांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये अवतरले. त्या वेळी ते अवघे बावीस वर्षांचे होते.

शब्दांच्या आठ जातींची जी मांडणी आजही शाळेत शिकविली जाते, ती या ग्रंथाने रूढ केली. मांडणी इंग्रजी आणि संज्ञा बहुतांशी संस्कृत, असा हा संयोग होता. सर्वनाम या संज्ञेत तो विशेष स्पष्ट दिसतो. पाणिनीय परंपरेत सर्वनाम हे विशिष्ट रीतीने रूपे चालणाऱ्या शब्दांच्या गणाचे नाव आहे. त्या गणात तद्, यद्, अस्मद्, युष्मद् यांच्याबरोबर सर्व, विश्व, अन्य असे शब्दही येतात. नामाच्या जागी येणारा शब्द ही व्याख्या मात्र युरोपीय परंपरेतील आहे. म्हणजे नाव एका कुळातले आणि लक्षण दुसऱ्या कुळातले, अशी या शब्दवर्गाची मराठीतील स्थिती आहे.

इंग्रजी व्याकरणाकडून एक मोलाचा नियम घेता येण्यासारखा होता. सर्वनामाने ज्या नामाची जागा घेतली, त्याच्याशी लिंग व वचन यांचा मेळ राखावा, हा नियम लिंडले मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणाने शालेय शिक्षणात दृढ केला होता. मराठीलाही तो लागू पडतो, परंतु त्याचे स्वरूप बदलते. इंग्रजीत निर्जीव वस्तूला सामान्यतः एकच सर्वनाम पुरते. मराठीत वाडा तो, खिडकी ती आणि घर ते. आदरणीय व्यक्ती एक असली तरी मराठीत तिच्यासाठी अनेकवचन येते. प्रस्तुत टिपणातही दादोबांसाठी ते, त्यांनी, त्यांचे अशीच रूपे योजिली आहेत. हीच सवय इंग्रजीत नेणारा विद्यार्थी एका थोर पुरुषासाठी ‘दे’ लिहितो आणि पुढल्याच वाक्यात ‘ही’कडे वळतो, हा महाविद्यालयीन अध्यापकांच्या परिचयाचा दोष आहे. तो निष्काळजीपणाचा नसून दोन व्यवस्थांच्या संघर्षाचा आहे.

‘आपण’ या शब्दाने ही अडचण अधिक वाढते. तो स्वतः या अर्थी येतो, श्रोत्याला आदराने संबोधितो आणि वक्ता व श्रोता या दोघांना एकत्रही घेतो. श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि सामावून घेणारे ‘आपण’ या दोहोंसाठी इंग्रजीत ‘वुई’ हे एकच रूप आहे. उलट, गोविंदाने माधवला आपले पुस्तक दिले आणि त्याचे पुस्तक दिले, या वाक्यांत मराठी जो भेद सहज दाखविते, तो इंग्रजी ‘हिज’मध्ये लोपतो. अशा वेळी इंग्रजी लिहिताना सर्वनाम टाळून नाम पुन्हा लिहिणे हेच शहाणपणाचे ठरते.

दादोबांच्या सार्वजनिक जीवनाशीही या प्रश्नाचा संबंध जोडता येतो. सुरतेस असताना १८४४ मध्ये त्यांनी मानवधर्म सभेच्या स्थापनेत भाग घेतला. जातिभेद नाकारणारी परमहंस सभा १८४९ मध्ये मुंबईत त्यांच्याच प्रेरणेने उभी राहिली. मानवी समतेचा पुरस्कार करणाऱ्या या व्याकरणकाराची भाषा मात्र तू, तुम्ही, आपण यांतून प्रत्येक संबोधनागणिक समोरच्याची पायरी विचारीत होती. व्याकरण या पायऱ्यांची नोंद करते. त्या कोणाला लावायच्या, हे समाज ठरवितो.

पुढे अहमदनगरास डेप्युटी कलेक्टर म्हणून काम करताना आणि त्यानंतरही त्यांचा व्याकरणाचा व्यासंग सुटला नाही. १८५० ची दुसरी आवृत्ती, १८६५ चे लघुव्याकरण आणि १८८१ ची पूरणिका हा क्रम पाहता, आपली चौकट अंतिम आहे असे त्यांनी मानले नसावे. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. १८४६ पर्यंतची हकीकत सांगणारे त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी संपादून १९४७ मध्ये प्रकाशात आणले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६५ पासून ‘शालापत्रका’तील निबंधांतून आणि मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तून दादोबांच्या मांडणीची कठोर चिकित्सा केली, परंतु ही चिकित्सा शक्य झाली ती दादोबांनी पाया घातल्यामुळेच.

विदर्भातील अध्यापकांना या इतिहासातून आणखी एक बोध घेता येईल. मले, तुले, त्याले ही वऱ्हाडी व नागपुरी रूपे नियमबद्ध आहेत. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात या बोलींची स्वतंत्र दखल आहे. प्रमाण लेखनात मला, तुला लिहावे हे विद्यार्थ्याला अवश्य शिकवावे, परंतु घरची रूपे अशुद्ध आहेत असे सांगू नये. एका भाषेचे माप दुसरीला लावताना जी सावधगिरी हवी, तीच प्रमाणभाषेचे माप बोलीला लावतानाही हवी. घरची बोली, प्रमाण मराठी आणि इंग्रजी या तिन्ही व्यवस्था शेजारी ठेवून शिकविल्या, तरच विद्यार्थी प्रत्येकीत सुसंगत लिहू शकेल.