दोष रक्ताचा नव्हे!

अंगावर फोड आले, की ‘रक्त बिघडले’ असे म्हणण्याची रीत आपल्याकडे अजून गेलेली नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातले भलेभले डॉक्टरही असेच मानत. शरीरातले दूषित रस त्वचेवाटे बाहेर पडतात, असा त्यांचा समज होता. त्याला सुरुंग लावला तो डॉ. फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी.

आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरात १८१६ साली हेब्रांचा जन्म झाला. १८४१ मध्ये ते व्हिएन्नात डॉक्टर झाले. तिथल्या जनरल हॉस्पिटलात त्यांच्या वाट्याला आला तो खरजेच्या रोग्यांचा विभाग. हेब्रांनी त्याचेच सोने केले. खरजेचे किडे स्वतःच्या अंगावर सोडून त्यांनी दाखवून दिले, की खरूज किड्यामुळे होते, बिघडलेल्या रक्तामुळे नव्हे. फोडांनी ज्यांचे अंग सोलून निघे, अशा रोग्यांना ते दिवसेंदिवस कोमट पाण्याच्या टबात ठेवत. अंथरुणाचा स्पर्शही न सोसणाऱ्या त्या जिवांना तेवढाच आराम मिळे.

१८७० साली त्यांनी घराण्यात चालत येणाऱ्या फोडांच्या रोगाची नोंद केली. हेब्रा १८८० मध्ये गेले. पुढे १८८६ साली हाइनरिख कोबनर यांनी या रोगाला ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा’ हे नाव दिले. यात नुसत्या घासण्यानेही त्वचेवर फोड येतात.

हा वारसा चालतो कसा, याचे सूत्र योगायोगाने हेब्रांच्याच जन्मगावी सापडले होते. ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे मोल जगाला कळले १९०० साली. पुढे १९९१ आणि १९९३ मध्ये या रोगाच्या दोन मुख्य प्रकारांमागची जनुके हाती लागली.

नवजात बाळाचे फोड नुसते पाहून रोगाचा प्रकार ओळखणे कठीण असते, आणि पुढचे सारे प्रकारावरच अवलंबून असते. आज रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून सदोष जनुक बहुधा सापडते. काही प्रकारांत आईवडील दोघेही निरोगी असतात. पण दोघांकडे त्या जनुकाची एकेक सदोष प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला रोग होण्याची शक्यता चारात एक. हे आधी कळले, तर पुढच्या अपत्याचा विचार जाणतेपणी करता येतो.

चाचणी म्हणजे उपचार नव्हे. पण आईने ग्रहण पाळले नाही, काही वावगे खाल्ले, असे बोल तरी तिला ऐकावे लागू नयेत. हेब्रांनी दीड शतकापूर्वी सुरू केलेले काम आपल्या घराघरांत अजून व्हायचे आहे.