जॉन लेलंड आणि कॅमलॉटची टेकडी

राजा आर्थर याच्या राजसभेचे कॅमलॉट हे नगर मुळात काव्यातले. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीच्या काव्यात ते नाव प्रथम आढळते. १४८५ साली छापल्या गेलेल्या मॅलरीच्या गद्यकथेत ते विंचेस्टर ठरते. या काव्यनगरीला सॉमरसेटमधील एका टेकडीवर आणून बसविले ते जॉन लेलंड याने.

लेलंडचा जन्म १५०३ च्या सुमारास लंडनमध्ये झाला. लहानपणीच तो पोरका झाला. थॉमस माइल्स नावाच्या गृहस्थाने त्याला वाढविले व शिकविले. सेंट पॉल शाळा, केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि पॅरिस असा त्याचा विद्याप्रवास. जुन्या हस्तलिखितांचे मोल जाणण्याची दृष्टी त्याला पॅरिसच्या पंडितवर्तुळात लाभली. त्याने लॅटिन कविताही पुष्कळ लिहिली, परंतु त्याचे खरे कर्तृत्व तीत नाही.

१५३३ साली आठव्या हेन्रीने मठांची आणि विद्यापीठांची ग्रंथालये तपासण्याची आज्ञा त्याला दिली. ग्लॅस्टनबरीच्या मठातील प्राचीन ग्रंथांच्या दर्शनाने तो इतका भारावला, की काही क्षण उंबरठ्यावरच थबकून राहिला. मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग याने त्याचे स्वागत केले आणि लेलंडने त्याचा आपला परममित्र म्हणून उल्लेख लिहून ठेवला. पुढे ज्या राजाने लेलंडला ग्रंथ पाहावयास धाडले होते, त्याच राजाने ते मठ मोडून काढले. १५३९ मध्ये वृद्ध व्हायटिंगला मठालगतच्या टेकडीवर फाशी देण्यात आले आणि ग्रंथालयाची वाताहत झाली. लेलंडच्या हस्तलिखितात मित्रत्वाचे ते शब्द खोडलेले आढळतात. राजसेवकाला याहून मोठे धैर्य परवडले नसावे.

दरम्यान पॉलिडोर व्हर्जिल या इटालियन पंडिताचा इंग्लंडचा इतिहास १५३४ साली बाझेल येथे प्रसिद्ध झाला होता. आर्थरविषयीच्या परंपरागत कथांबद्दल त्याने उघड अविश्वास दाखविला. लेलंडला हा स्वदेशाचा अवमान वाटला. ग्रंथांचा आधार डळमळू लागताच तो वस्तूंकडे आणि स्थळांकडे वळला. आर्थरची म्हणून वेस्टमिन्स्टर येथे जपलेली मेणाची मुद्रा त्याने पाहिली. ग्लॅस्टनबरीच्या तथाकथित समाधीतला शिशाचा क्रूस हाती घेऊन मोजला. १५४२ च्या सुमारास तो साउथ कॅडबरीच्या तटबंदीयुक्त टेकडीपाशी आला. जवळच क्वीन कॅमल व वेस्ट कॅमल ही गावे. आर्थर येथे वारंवार येई, ही लोकश्रुती. शेतात सापडणारी रोमन नाणी आणि पूर्वी मिळालेला एक रुपेरी नाल. एवढ्या सामग्रीवर त्याने ते स्थळ कॅमलॉट म्हणून नोंदले. १५४४ मध्ये आर्थरच्या समर्थनार्थ त्याचा लॅटिन ग्रंथही निघाला. हा पुरावा नव्हे, नामसादृश्याचा मोह होय. त्या नोंदीत गावकऱ्यांचे म्हणणे टिकून राहिले, हे मात्र तिचे मोल.

१५४६ च्या नववर्षी त्याने राजाला रुप्याच्या पत्र्यावर कोरावयाचा देशाचा नकाशा आणि इतिहासाचे पन्नास खंड देऊ केले. १५४७ मध्ये हेन्री वारला. त्याच सुमारास लेलंडला वेड लागले. पुढे भावाकडे त्याचा ताबा देण्यात आला आणि एप्रिल १५५२ मध्ये तो मरण पावला. पन्नास खंडांपैकी एकही सिद्ध झाला नव्हता. त्याची प्रवासटिपणे टॉमस हर्न याने १७१० पासून छापली.

कॅडबरीचे उत्खनन १९६६ ते १९७० या काळात लेस्ली अल्कॉक यांनी केले. त्यासाठी स्थापन झालेल्या समितीचे अध्यक्ष सर मॉर्टिमर व्हीलर होते. भारतीय विद्वानांना ते १९४४ ते १९४८ मधील पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून परिचित आहेत. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर डागडुजी केलेला तट, सुमारे १९ मीटर लांब व १० मीटर रुंद अशा लाकडी सभागृहाच्या खांबांचे खड्डे आणि भूमध्य सागराकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे तेथे मिळाली. कोण्या बलाढ्य सरदाराचे ते ठाणे होते, एवढे त्यांवरून ठरले. त्याचे नाव सांगणारा लेख मिळाला नाही.