बापूंची शेळी

गांधीजी म्हटलं की चष्मा, चरखा, काठी आणि शेळी आठवते. पुष्कळजणींना ती शेळी साधेपणाची खूण वाटते. मला मात्र ती एका अर्धवट राहिलेल्या व्रताची खूण वाटते, आणि म्हणूनच फार जवळची वाटते.

खाण्याच्या बाबतीत बापू लहानपणापासून हट्टी. १८८८ साली बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाले, तेव्हा मांस खाणार नाही असं आईला वचन दिलं. तिथे काहीजण म्हणत, अंडं काही मांस नव्हे. पण बापूंनी विचार केला, वचन आईला दिलंय, तर अर्थही आईचाच धरायचा. तिच्या लेखी अंडं म्हणजे मांसच. सोडली अंडी!

पुढे दक्षिण आफ्रिकेत, १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर, त्यांनी आणि कॅलनबाख या मित्राने दूधही सोडलं. जास्त दूध निघावं म्हणून कलकत्त्यात गाईम्हशींचे कसे हाल करतात, ते त्यांच्या वाचनात आलं होतं. शिवाय संयमाचा विचार होताच. १९१४ साली लंडनमध्ये छातीच्या दुखण्याने आडवे झाले. आपले गोपाळ कृष्ण गोखले दूध घ्या म्हणून मागे लागले. ज्यांना गुरू मानलं, त्यांचंही बापूंनी ऐकलं नाही.

आणि मग आलं १९१८ साल. सैन्यभरतीसाठी खेडा जिल्ह्यात गावोगाव पायपीट, खाणं म्हणजे बहुतेक शेंगदाणे आणि लिंबू. त्यात जोराची हगवण लागली आणि माणूस मरणाच्या दारात गेला. माथेरानची हवाही मानवली नाही. १९१९च्या जानेवारीत मुंबईत डॉक्टर दलालांनी स्पष्ट सांगितलं की दुधाशिवाय अंगात रक्त भरणार नाही. बापूंनी व्रत पुढे केलं. तेव्हा जवळ असलेल्या कस्तुरबांनी तिढा सोडवला. व्रत घेताना मनात गाईम्हशी होत्या ना, मग शेळीचं दूध का नको? नवऱ्याच्या हट्टाला कुठे फट आहे, हे बायकोलाच ठाऊक!

बापूंनी दूध घेतलं. मला मोल वाटतं ते पुढच्या वागण्याचं. व्रताचा शब्द पाळला पण आत्मा गेला, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं. मात्र एकदा मोडलंच आहे म्हणून गाईचं दूध, तूप, लोणी सुरू केलं नाही. १९२९ साली फक्त कच्च्या अन्नाचा प्रयोग करून पाहिला, तब्येत बिघडल्यावर तो थांबवला. पुढे पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्यात शाकाहारी माणसाला दुधाची गरज पडते हा आपला अनुभव सरळ मांडला.

आपलं कसं असतं? उपासाच्या दिवशी चुकून फुटाणा तोंडात गेला की उपास मोडला म्हणायचं आणि संध्याकाळी पोटभर जेवायचं. माझ्या भाचीने प्राण्यांच्या कळवळ्याने दूधदुभतं सोडलंय. बिस्किटात दूध पावडर निघाली की पोरगी दिवसभर कानकोंडी. तिला मी बापूंचीच गोष्ट सांगते. आणि गोळीचीही आठवण करते, कारण वनस्पतींतून बी-१२ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. ते १९४८ साली वेगळं काढता आलं, बापू गेले त्याच वर्षी. आज डॉक्टरांना विचारून बी-१२ची गोळी घेता येते, त्यांना ती सोय नव्हती.

मैत्रिणींनो, नेम शंभर टक्के पाळता आला नाही म्हणून तो सोडायचा नसतो. उरलेला तेवढ्याच प्रेमाने पाळायचा. बापूंनी तो जवळजवळ तीस वर्षं तसाच पाळला, शेळीला सोबत घेऊन!