मोत्याच्या घशातले हाड

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात आमच्या मोत्याने एकाएकी खाणे सोडले. भाकरीचा तुकडा समोर टाकला तर तो तोंडात धरी आणि तसाच खाली पडू देई. खालचा जबडा लोंबल्यासारखा झाला होता. तोंडातून सारखी लाळ गळत होती आणि भुंकायला गेला तर घोगरा, तुटका आवाज निघत होता. एरव्ही आप्पांच्या मागे शेतभर हिंडणारा हा कुत्रा कणगीमागच्या अंधारात जाऊन बसला. याच्या घशात हाड अडकले आहे, असे घरात सर्वांचे एकमत झाले. आप्पांनी त्याला मांडीशी धरले, जबडा उघडला आणि हात आत घालून हाड शोधले. हाड सापडले नाही. दात लागून आप्पांची दोन बोटे मात्र खरचटली.

चौथ्या दिवशी मोत्या मेला. योगायोगाने त्याच दिवशी गाईला पाहण्यासाठी जनावरांचे डॉक्टर आमच्याकडे आले होते. त्यांनी सारी हकिकत ऐकली, आप्पांची बोटे पाहिली आणि आप्पांना तसेच मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. मोत्या पिसाळला होता. पिसाळलेला कुत्रा म्हणजे रस्त्यात दिसेल त्याच्या अंगावर धावून जाणारा, एवढेच आम्हाला ठाऊक होते. तो कोपऱ्यात मुकाट बसूनही पिसाळलेला असू शकतो, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. पावसाळ्यानंतर एकदा तो कान फाटून घरी आला होता. आजीने जखमेत हळद भरली होती आणि आम्ही ती गोष्ट विसरून गेलो होतो.

आप्पांना सीरम आणि लस मिळाली. लसीच्या पुढच्या तारखा आईने दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवल्या. त्या महिन्याभरात घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. त्याच दिवसांत मी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून लुई पाश्चर यांचे चरित्र घरी नेले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक हाती धरले नव्हते. पण ज्या माणसामुळे आप्पांच्या जिवाची आशा होती, तो माणूस कोण होता हे मला जाणून घ्यायचे होते.

फ्रान्सच्या पूर्वेकडील जुरा प्रांतात दोल नावाचे गाव आहे. तेथे 27 डिसेंबर 1822 रोजी लुईचा जन्म झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यातून परतलेले शिपाई. कातडी कमावणे हा त्यांचा धंदा. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या गावी स्थायिक झाले. लुई अभ्यासात फार चमकणारा मुलगा नव्हता. त्याला चित्रकलेचा नाद होता. त्याने काढलेली आईवडिलांची चित्रे आजही पाहायला मिळतात. पंधराव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले, तर घरच्या आठवणीने तो झुरू लागला. कातडी कमावण्याच्या कुंडांचा वाससुद्धा त्याला हवाहवासा वाटू लागला. अखेर वडील जाऊन त्याला परत घेऊन आले. वसतिगृहात पहिल्या महिन्यात रडलेल्या माझ्या मैत्रिणींना हे वाचून धीर येईल.

लुई नऊ वर्षांचा होत असताना, 1831 मध्ये, एक पिसाळलेला लांडगा आर्ब्वाच्या आसपास शिरला आणि त्याने अनेकांना चावे घेतले. त्या काळी यावर एकच उपाय होता, तापलेल्या लोखंडाने जखम डागणे. पाश्चरांच्या घराजवळच्या लोहाराच्या भट्टीवर लोकांना डागण्यात आले. डागूनही कित्येकजण मेले. लहानपणी ऐकलेल्या त्या किंकाळ्या लुई पाश्चर जन्मभर विसरले नाहीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

तरीही या रोगाकडे वळायला त्यांना जवळजवळ पन्नास वर्षे लागली. मधला काळ हा एक मोठा वळसाच होता. 1848 मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाम्लाशी संबंधित क्षाराचे स्फटिक निरखून डावे आणि उजवे असे वेगळे केले आणि रसायनशास्त्रात नाव मिळवले. नंतर लील येथे प्राध्यापक असताना मद्यार्क नासतो का, या कारखानदारांच्या तक्रारीतून ते आंबण्याच्या क्रियेकडे वळले. आंबणे आणि नासणे ही सूक्ष्म जीवांची करणी आहे, हे त्यांनी दाखवले. आपल्याकडे दुधाच्या पिशवीवर जो पाश्चराइज्ड हा शब्द छापलेला असतो, तो या कामाची खूण. पुढे 1865 पासून काही वर्षे ते रेशमाच्या किड्यांच्या रोगावर काम करीत होते.

या सर्व काळात घरावर आघातामागून आघात होत होते. पाच मुलांपैकी तीन मुली त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या. 1868 मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना स्वतःला पक्षाघात झाला आणि डावा हात व पाय कायमचे अधू झाले. यानंतर कोणी निवृत्त झाले असते तर त्याला दोष देता आला नसता. पाश्चरांचे सर्वांत मोठे काम मात्र याच्यानंतरचे आहे.

1879 मध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू बरेच दिवस पडून राहिले, तर ते दुबळे होतात आणि ते टोचलेल्या कोंबड्या पुढे रोगाला दाद देत नाहीत, असे त्यांच्या ध्यानात आले. 1881 मध्ये त्यांनी लोकांसमक्ष मेंढ्यांना अँथ्रॅक्सची लस टोचून तिचा गुण दाखवला. कोंबड्या, मेंढ्या, रेशमाचे किडे हे सारे शेतकऱ्याच्या दाराशी असणारे जीव. आमच्यासारख्या शेतकरी घरातल्या मुलीला हे चरित्र परके वाटले नाही, याचे कारण हेच असावे.

1880 च्या सुमारास त्यांनी पिसाळण्याच्या रोगावर काम सुरू केले. या रोगाचा जंतू त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसेना आणि काचपात्रात वाढवताही येईना. तो विषाणू आहे आणि त्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर आहे, हे कळायला पुढची अनेक दशके जावी लागली. पण रोगाची जागा मेंदू आणि मज्जारज्जू आहे, हे त्यांनी ओळखले. तेव्हा रोगाचे द्रव्य थेट मेंदूत घालण्याची कल्पना पुढे आली. कुत्र्याच्या कवटीला छिद्र पाडायचे, हे पाश्चरांना सहन होईना. अखेर त्यांचे सहकारी एमिल रू यांनी ते गैरहजर असताना एका कुत्र्यावर ती शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या दिवशी तो कुत्रा उड्या मारीत समोर आला, तेव्हा पाश्चरांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी त्याला कुरवाळले. पुढे तोच कुत्रा आणि त्याच्यासारखे कितीतरी या कामात मेले. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. आप्पांच्या दंडावर टोचलेल्या लसीमागे हेही मुके जीव आहेत, हे सोयीस्करपणे विसरणे मला बरे वाटत नाही.

या कामातला सर्वांत महत्त्वाचा शोध ऐकायला फार साधा आहे. रोगट सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेच्या बाटलीत टांगून ठेवला, की दिवसागणिक त्याचे विष कमी होते. चौदा दिवसांनी ते जवळजवळ निरुपद्रवी होते. सर्वांत जुन्या तुकड्यापासून सुरुवात करून रोज थोडे अधिक तीव्र द्रव्य टोचीत गेले, की कुत्र्याच्या अंगी प्रतिकारशक्ती येते. 1884 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने याची पडताळणी केली.

चरित्राच्या या भागाने मला खिळवून ठेवले. पाश्चरांच्या मनात पहिली लस होती ती कुत्र्यासाठी. कुत्राच सुरक्षित झाला तर माणसाला रोग होणारच नाही, असा सरळ हिशेब होता. पण देशातले कुत्रे लक्षावधी. प्रत्येकाला गाठून दिवसामागून दिवस टोचीत राहणे त्या काळी अशक्य होते. रोग मेंदूपर्यंत पोहोचायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून चावा बसल्यानंतरच्या या अवधीत माणसाला लस द्यावी, या मार्गाकडे ते वळले.

6 जुलै 1885 रोजी आल्सास प्रांतातून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्यांच्या दारी आली. त्याचे नाव जोसेफ मायस्टर. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी फाडले होते. पाश्चर वैद्य नव्हते, त्यांना सुई टोचण्याचा अधिकार नव्हता. ते काम डॉक्टर ग्रांशे यांनी केले. दहा दिवसांत तेरा वेळा टोचण्यात आले. शेवटचे द्रव्य इतके तीव्र होते, की पाश्चरांना रात्र रात्र झोप लागली नाही. मुलगा जगला. पुढे तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच रखवालदार झाला.

पाश्चरांच्या प्रयोगवह्या बाहेर आल्यावर एका अमेरिकन इतिहासकाराने 1995 मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. मुलावर वापरलेल्या नेमक्या पद्धतीची कुत्र्यांवरची परीक्षा तेव्हा पुरी झाली नव्हती, असे त्यातून दिसते. म्हणजे त्या झोपमोडीला सबळ कारण होते. थोर माणसाचे चरित्र लिहिताना ही बाजू झाकू नये असे मला वाटते.

अपयशही आले. त्याच वर्षी दहा वर्षांच्या लुईझ पेलतिए या मुलीला चावा बसल्यानंतर तब्बल 37 दिवसांनी आणले गेले. उशीर झाला आहे, मुलगी गेली तर लसीची बदनामी होईल, हे पाश्चर जाणून होते. आईबापांना नाही म्हणणे त्यांना जमले नाही. मुलगी गेली. लोकांनी टीका केली, पण दारी येणाऱ्यांची रीघ थांबली नाही. लोकवर्गणीतून उभी राहिलेली पाश्चर संस्था 14 नोव्हेंबर 1888 रोजी सुरू झाली. 28 सप्टेंबर 1895 रोजी पाश्चर वारले. हा दिवस आता जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात.

त्या संस्थेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. प्लेगच्या लसीमुळे आपल्याला ठाऊक असलेले हाफकिन हे तेथूनच 1893 मध्ये हिंदुस्थानात आले. परळची हाफकिन संस्था त्यांच्या नावाची. पुढे कसौली येथेही पाश्चर संस्था निघाली आणि तेथे सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. आजीच्या पिढीला धडकी भरवणारी, बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शने हीच. 2005 च्या सुमारास ती लस आपल्याकडे बंद झाली. आता दंडावर मोजकी इंजेक्शने पुरतात. तरीही आपल्या देशात माणसे या रोगाने मरतात. एकदा लक्षणे दिसू लागली की आजही जवळजवळ इलाज नाही.

पाश्चरांना जे अशक्य होते, ते आज आपल्या हातात आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि पुढे वेळच्या वेळी न चुकता. भाद्रपदात कुत्री हिंडतात, भांडतात, म्हणून तेव्हा चाव्याचा धोका वाढतो हे खरे. पण या रोगाला महिना नाही, आमचा मोत्या थंडीत गेला. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो ही समजूतही खोटी आहे. पाण्याची भीती आजारी माणसाला वाटते, कुत्रा पाण्याशी जातोही, पण घसा लुळा पडल्याने त्याला गिळता येत नाही. शांत कुत्रा चिडका झाला, खेळकर कुत्रा अंधारात दडला, आवाज बदलला, लाकूड, माती असे भलते खाऊ लागला, जबडा लोंबला, तर त्याच्या तोंडात हात घालू नये. त्याच्यापासून मुलांना दूर ठेवावे, शक्य तर त्याला कोंडावे आणि डॉक्टरांना बोलवावे. चावा किंवा ओरखडा उठला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखमेत हळद, चुना, तिखट भरू नये.

आप्पा आज धडधाकट आहेत. ते हे विषय काढीत नाहीत. यंदा आमच्याकडे वाघ्या नावाचे पिल्लू आले आहे. त्याला पहिली लस टोचून आणायला आप्पा स्वतः त्याला पोत्यात गुंडाळून एस.टी.ने तालुक्याला गेले. त्याचे कार्ड आमच्या शिधापत्रिकेबरोबर एकाच पिशवीत ठेवलेले असते.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात भरते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातला एक दिवस गावातल्या कुत्र्यांच्या लसीसाठी द्यावा, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. कुत्री धरायला मी येईन.