ब्लफचं गणित मांडणारा इंजिनिअर

व्हॉन न्यूमन म्हटलं की आपल्याला आठवतं ते कॉम्प्युटर आर्किटेक्चर. मला मात्र हा माणूस जवळचा वाटला तो पत्त्यांमुळे!

जॉन व्हॉन न्यूमन १९०३ साली बुडापेस्टमध्ये जन्मला. वडील बँकर. त्यांच्या आग्रहामुळे तो झुरिकला केमिकल इंजिनिअरिंग शिकला आणि १९२६ साली बुडापेस्टहून गणितात डॉक्टरेटही मिळवली. (आपली एक डिग्री निघताना मारामार!)

१९४४ साली ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्याने पोकरचं एक सोपं रूप घेऊन दाखवलं, की ब्लफ ही लबाडी नसून गरज आहे. फक्त चांगल्या पानांवर बोली वाढवली तर समोरचा ओळखतो आणि पॅक करतो. म्हणून मोठी बोली उत्तम पानांवर लावायची आणि अधूनमधून अगदी टाकाऊ पानांवरही. मधल्या पानांवर गप्प बसायचं.

हे वाचून मी हॉस्टेलवर वडापावच्या पैजेवर तीनदा ब्लफ मारला. तिन्ही वेळा शो मागितला गेला, तिन्ही वडापाव गेले! मग डोक्यात प्रकाश पडला. त्याचं गणित चोख खेळणाऱ्यासाठी आहे. एका वडापावपायी कोण पॅक करणार? जो पान टाकतच नाही, त्याला ब्लफ मारू नये. चांगली पानं येईपर्यंत थांबावं आणि मग भरपूर लावावं.

१९५७ साली, अवघ्या ५३व्या वर्षी, कॅन्सरने तो गेला. समोरचा कोण आहे ते आधी बघा, एवढं मात्र तो मला शिकवून गेला.