तारेवरून वेळ धाडणारे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी

ऑगस्ट १८५२ मध्ये लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेतून निघालेले विजेचे ठोके तारेवरून लुइशॅमच्या रेल्वे स्थानकापर्यंत आणि तेथून पुढे लंडन शहरात पोहोचू लागले. दूरदूरची घड्याळे एकाच घड्याळाच्या आज्ञेत आणण्याच्या या व्यवस्थेमागे ब्रिटनचे राजखगोलज्ञ जॉर्ज बिडेल एअरी होते.

एअरी यांचा जन्म २७ जुलै १८०१ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील अ‍ॅनिक या गावी झाला. वडील अबकारी खात्यात होते. पुढे त्यांची नोकरी गेली आणि घरची स्थिती खालावली. सफोक परगण्यातील प्लेफर्ड येथे राहणारे मामा आर्थर बिडेल यांच्या घरचा मुलाला मोठा आधार झाला. १८१९ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात त्यांनी सवलतीच्या शुल्कावर प्रवेश घेतला आणि १८२३ च्या गणित परीक्षेत ते विद्यापीठात पहिले आले. त्यानंतर तीनच वर्षांनी, एकेकाळी न्यूटन यांनी भूषविलेले ल्युकेशियन प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. स्वतःच्या डोळ्यातील दोष ओळखून त्यावर दंडगोलाकार भिंगाचा उपायही त्यांनी याच काळात शोधला.

१८३५ मध्ये ते राजखगोलज्ञ झाले आणि तब्बल ४६ वर्षे त्या पदावर राहिले. त्या वेळी इंग्लंडमधील प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चाले. ब्रिस्टलचे घड्याळ लंडनच्या सुमारे १० मिनिटे मागे असे. बैलगाडीच्या प्रवासात हा फरक कोणाला जाणवत नव्हता. रेल्वे आली आणि तो धोक्याचा ठरला. एकाच रुळावर दोन गाड्या, आणि त्यांच्या चालकांच्या खिशात दोन वेगळ्या वेळा! १८४७ मध्ये रेल्वे कंपन्यांच्या समाईक संस्थेने ग्रीनिचची वेळ सर्वत्र पाळण्याची शिफारस केली. मात्र ती वेळ वेधशाळेबाहेर न्यायची कशी, हा प्रश्न उरलाच. एअरी यांचे सहायक जॉन हेन्री बेलव्हिल १८३६ पासून अचूक घड्याळ बरोबर घेऊन लंडनच्या घड्याळजींकडे फेरी मारीत. तारा आल्यावरही ही फेरी थांबली नाही, हे विशेष. बेलव्हिल यांच्यामागे त्यांच्या पत्नीने आणि नंतर मुलीने विसाव्या शतकातही कित्येक वर्षे घरोघर वेळ पोहोचवली.

एअरी यांनी चार्ल्स शेफर्ड यांच्याकडून विजेवर चालणारे मुख्य घड्याळ करवून घेतले. त्याच्या लंबकाचा प्रत्येक ठोका तारेवरून जाई आणि आज्ञाधारक घड्याळांचे काटे पुढे सरकवी. वेधशाळेच्या फाटकावरचे २४ तासांच्या तबकडीचे घड्याळ त्यांपैकीच एक. मुख्य घड्याळाची चूक रोज ताऱ्यांच्या वेधांवरून काढली जाई. ती दुरुस्त करताना काटे झटक्यात फिरवले जात नसत. लंबकाला चुंबक जोडलेले होते आणि जवळच्या वेटोळ्यातून मंद प्रवाह सोडून त्याची गती किंचित वाढवली किंवा कमी केली जाई. घड्याळ हळूहळू खऱ्या वेळेवर येई. एकही सेकंद गाळला जात नसे, की दुबार मोजला जात नसे.

निव्वळ संकेत पाठवून एअरी यांचे समाधान होत नसे. तो पोहोचला की नाही, हेही त्यांना कळायला हवे असे. नांगरलेल्या जहाजांना वेळ दाखवण्यासाठी डील बंदरात १८५५ मध्ये कालगोल बसवण्यात आला. ग्रीनिचच्या विद्युत् संकेताने तो खाली पडे आणि पडल्याची खूण आपोआप ग्रीनिचला परत येई. चुकीच्या वेळेवर निघालेले जहाज समुद्रात आपले रेखांश चुकवणार होते. त्यामुळे ही उलटी खूण म्हणजे नुसती औपचारिकता नव्हती. ब्रिटिश संसदेच्या मनोऱ्यावरील घड्याळासाठीही त्यांनी अशीच अट घातली: तासाचा पहिला टोला एका सेकंदाच्या आत अचूक पडावा आणि घड्याळाने आपल्या चालीचा अहवाल तारेने ग्रीनिचला द्यावा. अनेक घड्याळजींना ही अट अशक्य वाटली. १८५९ मध्ये सुरू झालेल्या त्या घड्याळाने ती पाळून दाखवली.

मात्र तारेवरचा संकेतही क्षणभर उशिराच पोहोचतो. १८५३ मध्ये एडिंबरा व ब्रुसेल्स आणि १८५४ मध्ये पॅरिस या वेधशाळांशी ग्रीनिचच्या रेखांशाचा फरक तारेने मोजताना दोन्ही दिशांनी संकेत धाडण्यात आले. जाताना विलंबामुळे फरक जितका वाढतो, तितकाच येताना घटतो. दोहोंची सरासरी काढली की घड्याळांतील खरा फरक हाती येतो, आणि दोहोंच्या वजाबाकीचे अर्धे केले की तारेवरचा विलंब कळतो. आजच्या कारखान्यांत यंत्रमानव, झडपा आणि मोजमापाची उपकरणे एका जाळ्यात जोडून त्यांची घड्याळे जुळवतात, तेव्हाही हाच हिशेब चालतो. २००२ मध्ये त्यासाठी प्रसिद्ध झालेल्या प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल या मानकात मुख्य आणि आज्ञाधारक घड्याळे परस्परांना संदेश पाठवून विलंब ठरवतात. फरक फक्त सूक्ष्मतेचा, सेकंदाच्या दशलक्षांशाहून लहान भागांचा आहे.

एअरी यांची शिस्त कठोर होती. कागदाचा कपटाही ते टाकून देत नसत, आणि हाताखालच्यांना तो जाच वाटे. ठरवलेल्या कामाबाहेर पाहण्याची त्यांची तयारी कमीच. जॉन अ‍ॅडम्स यांनी अज्ञात ग्रहाचे गणित १८४५ मध्ये त्यांच्यापर्यंत पोहोचवले होते; शोध वेळीच सुरू झाला नाही आणि पुढच्या वर्षी नेपच्यून बर्लिनमध्ये सापडला. हा ठपका त्यांना आयुष्यभर पुरला. बॅबेज यांच्या गणनयंत्राबाबतही त्यांचा सल्ला प्रतिकूलच होता.

भारताशी त्यांचा संबंध घड्याळाच्याही आधी ओळंब्यातून येतो. येथील त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हिमालयाने ओळंबा जितका ओढायला हवा, तितका ओढला नव्हता. पर्वतांना खाली हलक्या खडकाची खोल मुळे असतात आणि ते जड थरावर जणू तरंगतात, हे स्पष्टीकरण एअरी यांनी १८५५ मध्ये मांडले. भूशास्त्रात ते आजही शिकवले जाते.

कायदा मात्र तारेपेक्षा सावकाश चालला. १८५८ मध्ये डॉर्चेस्टरच्या न्यायालयाने ग्रीनिचच्या वेळेने कामकाज सुरू केले आणि गावच्या घड्याळाप्रमाणे वेळेवर आलेल्या पक्षकाराविरुद्ध निकाल दिला. वरिष्ठ न्यायालयाने स्थानिक वेळच ग्राह्य धरली. ग्रीनिचची वेळ ब्रिटनची कायदेशीर वेळ झाली ती १८८० मध्ये. पुढच्याच वर्षी एअरी निवृत्त झाले. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने त्यांनी १८५१ मध्ये बसवलेल्या दुर्बिणीतून जाणारी रेषा जगाचे मूळ रेखावृत्त मानली. २ जानेवारी १८९२ रोजी एअरी यांचे निधन झाले आणि मामांच्या प्लेफर्ड गावी त्यांचे दफन झाले. त्या रेषेपासून साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली; मुंबईने मात्र त्यानंतरही कित्येक दशके आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ सोडली नाही.